साखरेचा भाव आणि गाडीची टाकी

ब्राझीलमधल्या अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट सांगताना बहुतेक जण तेलापासून सुरुवात करतात. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखले, भाव चौपट झाले, आणि अडचणीत सापडलेल्या एका देशाने उसापासून इंधन काढले. हे खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे साखरेच्या बाजारात घडले होते आणि ते ध्यानात घेतल्याशिवाय पुढच्या पंधरा वर्षांतल्या चढउताराचा अर्थ लागत नाही.

१९७४ च्या नोव्हेंबरात जागतिक बाजारात साखर कधी नव्हे इतकी चढली होती. एका पौंडाला ६५ सेंटांच्या आसपास भाव होता. हा भाव टिकेल या हिशेबाने ब्राझीलच्या कारखानदारांनी नवी यंत्रे मागवली, गाळपक्षमता वाढवली, नव्या जमिनी उसाखाली आणल्या. वर्षभरात भाव पंधरा सेंटांच्या आत आला. ऊस शेतात उभा, यंत्रांचे हप्ते डोक्यावर आणि साखरेला गिऱ्हाईक नाही, अशी कोंडी झाली. आपल्याकडच्या कोणत्याही साखर कारखान्याच्या संचालकाला ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच वेळी तेलाचे बिल फुगत होते. ब्राझील तेव्हा गरजेच्या सुमारे ८० टक्के तेल बाहेरून आणत असे. देशात लष्करी राजवट होती. जनरल एर्नेस्तो गायझेल १९७४ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी ते पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख होते, त्यामुळे तेलाचा हिशेब त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आयातीचा खर्च एका वर्षात जवळजवळ चौपट झाल्याचे त्यांनी पाहिले होते.

१९७५ मध्ये गायझेल साओ पाउलोजवळच्या साओ जोझे दोस काम्पोस या गावी गेले. हवाई दलाचे तांत्रिक संशोधन केंद्र तिथे होते. उर्बानो एर्नेस्तो स्टुम्फ नावाचे प्राध्यापक तिथे अल्कोहोलवर चालणारे इंजिन घडवत होते. स्टुम्फ दक्षिणेकडच्या रियो ग्रांदे दो सूल राज्यातले. विमानांच्या इंजिनांचे शिक्षण घेतलेला हा माणूस वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाला चिकटून बसला होता. त्या भेटीत राष्ट्राध्यक्षांनी इंजिन पाहिले, प्रश्न विचारले. काही महिन्यांतच, १४ नोव्हेंबर १९७५ रोजी, सरकारी हुकूम निघाला आणि ‘प्रोआल्कोल’ म्हणजे राष्ट्रीय अल्कोहोल कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत वर्षाला तीन अब्ज लिटर उत्पादन गाठायचे असे ठरले. तेव्हाचे उत्पादन होते साठ कोटी लिटरांच्या आत.

कल्पना मात्र नवी नव्हती. १९२५ मध्येच रियोमध्ये फोर्ड गाडी अल्कोहोलवर चालवून पाहिली गेली होती. १९३१ मध्ये जेतुलियो व्हार्गास यांच्या सरकारने आयात पेट्रोलमध्ये ५ टक्के अल्कोहोल मिसळणे सक्तीचे केले, तेही साखर पडून राहू नये म्हणूनच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई आली तेव्हा हे मिश्रण आणखी वाढले. (त्याच काळात आपल्याकडच्या रस्त्यांवर मागे कोळशाची भट्टी जोडलेल्या बस धापा टाकत धावत होत्या. वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या आठवणी ऐकलेली माणसे अजून आहेत.) युद्ध संपले, तेल स्वस्त झाले आणि सगळे मागे पडले. साखर पडली की अल्कोहोल आठवायचे आणि साखर चढली की विसरायचे, ही सवय ब्राझीलला १९७५ च्या आधीपासूनच जडलेली होती. प्रोआल्कोलला खरी झुंज द्यायची होती ती या सवयीशी, आणि ते आरंभी फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

कागदावर या कार्यक्रमात दोन पिके होती: ऊस आणि कसावा. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो ते कंद. कसावा लहान शेतकऱ्याचे पीक, हलक्या जमिनीतही येणारे आणि गरीब प्रदेशात रुजलेले. त्यापासून अल्कोहोल काढले तर पैसा छोट्या माणसाच्या घरात जाईल अशी आशा होती. पेट्रोब्रासने मिनास जेराइस राज्यात कुर्वेलो येथे कसाव्याची डिस्टिलरी उभारलीही. पण कंदातल्या पिष्टाची आधी साखर करावी लागते, तेव्हा कुठे यीस्ट कामाला लागते. शिवाय बाष्पक पेटवायला इंधन बाहेरून आणावे लागते. उसाचे तसे नाही. रसात साखर तयारच असते आणि रस काढल्यावर उरलेली चिपाडे भट्टीत घातली की कारखाना स्वतःच्याच जळणावर चालतो. एक टन उसाच्या रसातून सत्तर-ऐंशी लिटर अल्कोहोल निघते. कसाव्याची डिस्टिलरी तोट्यात बुडाली आणि कार्यक्रम पूर्णपणे उसाचा झाला. उसाचा झाला म्हणजे मोठ्या बागायतदारांचा आणि कारखानदारांचा झाला. मला वाटते, या कथेतले पहिले मोठे वळण हेच, आणि ते कोणत्याही सभेत ठरले नाही. कंद आणि पेर यांच्यातल्या फरकानेच ते ठरवले.

सरकारने पैसा सोडला. डिस्टिलरी उभारायला कर्जे दिली आणि त्यावरचा व्याजदर महागाईच्या दरापेक्षा कमी ठेवला. म्हणजे कर्ज घेणाऱ्याला प्रत्यक्षात घेतल्याहून कमी परत करायचे होते. साखर कारखान्यांच्या शेजारी डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या. पुढे फक्त अल्कोहोलच करणारे कारखानेही निघाले. सुरुवातीचा माल निर्जल अल्कोहोल होता. तो पेट्रोलमध्ये मिसळला जाई आणि गाडीत काही बदल करावा लागत नसे. अल्कोहोलमुळे पेट्रोलची ठोका न बसता जळण्याची ताकद वाढते, त्यामुळे शिशाची संयुगे घालण्याची गरज उरली नाही. साओ पाउलोच्या हवेतले शिसे कमी झाले, हा या कार्यक्रमाचा आरंभी कोणी फारसा न मोजलेला मोठा लाभ.

स्टुम्फना मात्र मिश्रणावर थांबायचे नव्हते. १९७६ मध्ये फोक्सवॅगनची बीटल, डॉज १८०० आणि गुर्जेल कंपनीची छोटी जीप अशा तीन गाड्या निव्वळ अल्कोहोल भरून देशाच्या दौऱ्यावर निघाल्या. हजारो किलोमीटर कच्चे-पक्के रस्ते, उष्ण मैदाने, पाऊस, सगळ्यांतून त्या गेल्या. लोकांना इंजिन डोळ्यांनी पाहता यावे, हात लावून पाहता यावे, हा हेतू. त्यातली डॉज आज साओ जोझे दोस काम्पोसच्या संग्रहालयात उभी आहे.

हे इंजिन समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर अल्कोहोल पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच उष्णता देते, त्यामुळे ते जास्त लागते. पण ते दाबाखाली अवेळी पेट घेत नाही, म्हणून सिलिंडरमधला दाब बराच वाढवता येतो आणि त्यातून हरवलेली ताकद काहीशी परत मिळवता येते. अडचणी दुसरीकडे होत्या. पाण्याचा अंश असलेले अल्कोहोल कार्ब्युरेटरचा धातू खाई, टाकी गंजवी, रबराच्या नळ्या फुगवी. आणि थंडीच्या सकाळी ते पेटच घेत नसे. यावर उपाय म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी बाटली बसवली. चालकाने बटण दाबून थोडे पेट्रोल आत सोडायचे, गाडी सुरू करायची आणि मग अल्कोहोलवर यायचे. दक्षिणेकडच्या कुरितिबासारख्या थंड शहरांत अल्कोहोलच्या गाडीच्या मालकाला ही बाटली रिकामी ठेवून चालत नसे.

१९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि तेल पुन्हा भडकले. नवे राष्ट्राध्यक्ष जनरल जुआओ फिगेरेदो यांनी मोटार कंपन्यांशी करार केला: तुम्ही अल्कोहोलच्या गाड्या बनवा, आम्ही प्रत्येक पंपावर अल्कोहोल पुरवू. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये फियाटची १४७ ही छोटी गाडी बाजारात आली. मोठ्या संख्येने बनलेली जगातली पहिली अल्कोहोलची मोटार ती. तिच्या धुराला उसाच्या दारूसारखा वास येई. ब्राझीलमध्ये उसाच्या दारूला काशासा म्हणतात, म्हणून लोकांनी या गाडीचे नाव ठेवले ‘काशासिन्या’. लाडाने ठेवलेले नाव होते ते.

पण त्यानंतर लगेच पहिला धक्का बसला. मागणी इतकी उसळली की गल्लीबोळातल्या वर्कशॉपमध्ये जुन्या पेट्रोल गाड्या अल्कोहोलवर बदलून द्यायला सुरुवात झाली. धातूला मुलामा नाही, दाबाचे गणित नाही, फक्त कार्ब्युरेटरचे जेट मोठे करून गाडी रस्त्यावर सोडलेली. त्या गाड्या बंद पडू लागल्या. त्यातच सरकारने अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या जवळ नेला. १९८० मध्ये अडीच लाखांच्या घरात गेलेली विक्री पुढच्या वर्षी जवळपास निम्म्यावर आली. सरकार घाबरले आणि त्याने एका आश्वासनाचे सगळे धागे आवळून बांधले. अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या ५९ टक्क्यांच्या वर जाणार नाही. गाडीवरचा कर कमी. टॅक्सीवाल्याला आणखी सवलत. पेट्रोलचे पंप आठवड्याच्या शेवटी बंद असत, पण अल्कोहोल शनिवारीही मिळे. कंपन्यांनीही गाड्या सुधारल्या, कार्ब्युरेटरला निकेलचा मुलामा दिला.

लोकांनी विश्वास ठेवला. १९८५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींपैकी नऊहून अधिक निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. वर्षाचे उत्पादन अकरा अब्ज लिटरांच्या पुढे गेले. एका दशकात एखाद्या मोठ्या देशाने आपल्या मोटारींचे इंधनच बदलल्याचे असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. हे यश खरे होते आणि ते मिळवणाऱ्या अभियंत्यांचे श्रेय कमी करता येणार नाही.

या यशाची किंमत शेतात मोजली जात होती. अल्कोहोलच्या एका लिटरमागे दहा ते पंधरा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारे सांडपाणी, निघतो. गरम, आंबट, तपकिरी. सुरुवातीची वर्षे तो सरळ नद्यांत सोडला जाई आणि मासे मरून वर येत. १९७८ मध्ये त्यावर बंदी आली. मग त्यात पालाश भरपूर आहे हे जाणून तो उसालाच पाणी म्हणून देण्याची पद्धत रुळली.

आणि तोडणी कामगार. साओ पाउलो राज्यात त्यांना ‘बोया-फ्रिया’ म्हणत, म्हणजे गार जेवण खाणारे. पहाटे ट्रकमध्ये बसून निघायचे, बरोबर नेलेला डबा दुपारी तसाच थंड खायचा. ऊस आधी पेटवून पाला जाळलेला, त्यामुळे दिवसभर काजळीत काम. मजुरी तोडलेल्या उसावर. बीड, अहिल्यानगरच्या गावांतून दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन निघणाऱ्या आपल्या ऊसतोड कामगारांपेक्षा त्यांची व्यवस्था वेगळी होती. तिथे आपल्यासारखी नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जात नसे. पण कंत्राटदार तोच, मोजमापातली फसवणूक तीच आणि पाठदुखीही तीच.

१९८४ च्या हंगामात रिबेराँव प्रेतोजवळच्या भागातल्या कारखान्यांनी एक बदल केला. आतापर्यंत मजूर एका वेळी पाच ओळी घेऊन तोडत पुढे जाई. आता सात ओळी घ्यायच्या असा हुकूम आला. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण तोडलेला ऊस मधल्या ओळीत आणून टाकायचा असे. ओळी वाढल्या की कडेचा ऊस उचलून आणण्याचे अंतर वाढते, हाताला येणारे काम घटते आणि संध्याकाळची मजुरीही घटते. कारखान्याच्या ट्रॅक्टरला मात्र मोळ्या एका जागी जास्त मिळतात. म्हणजे मजुराच्या पायांचे श्रम वाढवून भरणीचा खर्च वाचवायचा. १५ मे १९८४ रोजी ग्वारिबा या छोट्या गावातले तोडणी कामगार उठले. घरच्या पाण्याची बिलेही असह्य झाली होती, म्हणून पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर आधी राग निघाला. पोलिस आले, गोळ्या झाडल्या गेल्या, एक माणूस मेला आणि अनेक जखमी झाले. लष्करी राजवटीची शेवटची वर्षे होती ती, पण मजूर मागे हटले नाहीत. संप आसपासच्या गावांत पसरला. काही दिवसांत करार झाला: पाच ओळींची पद्धत परत, नोकरीची नोंद, हत्यारे आणि संरक्षक साहित्य मालकाने द्यायचे. साओ पाउलोच्या रस्त्यावर काशासिन्या चालवणाऱ्या किती जणांना ग्वारिबाचे नाव माहीत असेल? स्वस्त इंधनाच्या ५९ टक्क्यांत त्या सात ओळींचाही वाटा होता, असे मला ठामपणे वाटते.

१९८५ मध्ये लष्कर बराकीत परतले. १९८६ मध्ये तेल कोसळले. आता अल्कोहोल पेट्रोलपेक्षा महाग पडत होते, आणि महागाई इतकी बेफाम होती (१९८९ मध्ये ती हजार टक्क्यांच्या पलीकडे गेली) की सरकार इंधनाचे भाव दाबून धरत होते. डिस्टिलरीला मिळणारा दर खर्चालाही पुरेना. तेवढ्यात जागतिक बाजारात साखर पुन्हा चढली आणि निर्यातीवरचे सरकारी नियंत्रण सैल झाले. कारखानदाराने तोच ऊस, तीच मिल आणि दोन नळ (एक साखरेचा, एक अल्कोहोलचा) यांच्याकडे पाहिले आणि साखरेचा नळ उघडला. १९७४ च्या साखरेने ज्यांना अल्कोहोलकडे ढकलले होते, त्यांना १९८९ च्या साखरेने परत ओढून नेले.

देशात तेव्हा चाळीस लाखांहून अधिक गाड्या अल्कोहोलवाचून चालूच शकत नव्हत्या. पंपांवर रांगा लागल्या. टॅक्सीवाले रात्र रात्र रांगेत उभे राहू लागले. ज्या देशाने तेलाच्या आयातीपासून सुटायला अल्कोहोल केले, त्या देशाला आता परदेशातून अल्कोहोल आणावे लागले. तेही पुरेना म्हणून मिथेनॉल आयात केले आणि ६० टक्के इथेनॉल, ३३ टक्के मिथेनॉल, ७ टक्के पेट्रोल असे मिश्रण विकले गेले. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूत जे डोळे आणि प्राण घेते ते. पंपावर काम करणाऱ्यांना हातमोजे घालायला सांगण्यात आले, लोकांनी निदर्शने केली. १९९० मध्ये नव्या गाड्यांतला अल्कोहोलचा वाटा अकरा-बारा टक्क्यांवर आला. १९९७ मध्ये साऱ्या देशात अशा गाड्या हजाराच्या आसपासच विकल्या गेल्या.

लोक रागावले ते महागाईवर नाही, दिलेला शब्द मोडला म्हणून. अल्कोहोलची गाडी घेणाऱ्याने दहा वर्षांसाठी स्वतःला एकाच नळाला बांधून घेतले होते. कारखानदाराला दोन नळ होते, सरकारला धोरण बदलण्याची मोकळीक होती. साऱ्या व्यवस्थेत ज्याला माघार घेण्याची वाट नव्हती तो होता गाडीवाला. उद्योग तगला तो पेट्रोलमध्ये २२ टक्के निर्जल अल्कोहोल मिसळण्याच्या कायद्यामुळे.

ही गाठ आपल्याकडेही पडली आहे. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे भारतातले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यातले दोन महाराष्ट्रात होते: मिरज आणि मनमाड. पुढे व्याजसवलतीच्या कर्जांवर डिस्टिलऱ्या वाढल्या, मळीपुरते न थांबता थेट रसापासून इथेनॉल होऊ लागले. मग २०२३ चा पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. हंगाम सुरू होता, टाक्या तयार होत्या. आठवडाभरात १७ लाख टन साखर इथेनॉलकडे वळवण्याची मुभा मिळाली, पूर्ण बंदी उठायला पुढच्या वर्षाचा ऑगस्ट उजाडला. त्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांत जी अस्वस्थता होती तिचे मूळ ब्राझीलच्या १९८९ मध्ये शोधावे लागते. नळ तिथे कारखानदाराने फिरवला, इथे सरकारने, एवढाच फरक.

गाडीवाल्याच्या कोंडीवर ब्राझीलने शोधलेले उत्तर विलक्षण होते, आणि ते सरकारी हुकमातून आले नाही. मार्च २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल या आपल्या छोट्या गाडीची नवी आवृत्ती आणली. तिच्या टाकीत पेट्रोल घाला, अल्कोहोल घाला किंवा दोन्ही कोणत्याही प्रमाणात घाला. धुराड्यातला ऑक्सिजनचा संवेदक टाकीत काय आले ते ओळखतो आणि इंजिनमधला संगणक इंधनाची मात्रा व ठिणगीची वेळ त्याप्रमाणे बदलतो. मॅग्नेटी मारेली आणि बॉश या कंपन्यांच्या ब्राझीलमधल्या अभियंत्यांनी हे सॉफ्टवेअर घडवले होते. आता दुसरा नळ गाडीवाल्याच्या हातात आला. पंपावर उभे राहून तो भागाकार करतो: अल्कोहोलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अल्कोहोल, नाहीतर पेट्रोल. तीन-चार वर्षांत नव्या गाड्यांपैकी बहुसंख्य अशाच निघू लागल्या आणि उसाचा पसारा पुन्हा वाढला.

ग्वारिबाच्या परिसरात आता हिरवा ऊस यंत्राने तोडला जातो. पेटवणीचा धूर माणसांना सोसवेना, म्हणून साओ पाउलो राज्याने आणि कारखान्यांनी २००७ मध्ये करार करून उसाचे फड जाळणे टप्प्याटप्प्याने थांबवले, आणि न जाळलेला ऊस हाताने तोडणे परवडत नाही. एक यंत्र ऐंशी ते शंभर माणसांचे काम करते. पाच ओळी की सात, हा प्रश्न तिथे आता कोणी विचारत नाही. ईशान्येकडच्या राज्यांतून दरवर्षी तोडणीला येणाऱ्या मजुरांच्या गाड्या हळूहळू कमी झाल्या आणि त्यांतले बरेच जण परत आपापल्या कोरडवाहू गावी गेले.